चकचकीत बाजू

ता. २ सप्टेंबर १९५७

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे, शिवणयंत्राला नवा पट्टा घातला आहे आणि माझा चष्मा अजून जुनाच आहे. तुझी ती थेटरातली यंत्राची खोली दिवसभर भट्टीसारखी तापते म्हणाला होतास. पाणी पीत जा.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर तू म्हणशील दादा नुसती फीत घेऊन उभा आहे, माप काही घेत नाही. चौकात एक भलंमोठं सिनेमाचं चित्र लागलं आहे. सिनेमा अजून यायचा आहे, नुसतं चित्रच आलंय, आणि तेवढ्यानेच पोरांची डोकी फिरली आहेत. त्यातला गडी कमरेपर्यंतचा आखूड कोट घालून, कॉलर मानेवर उभी करून भिंतीला टेकला आहे. खाली विजार म्हणजे नुसत्या दोन नळ्या. रोज कोणी ना कोणी दुकानात येतं आणि विजारीची मोहरी, म्हणजे पायाकडचं तोंड, अरुंद करा म्हणतं. मी विचारतो, पाय आत कुठून घालणार? तर म्हणतात, तुम्ही शिवा, पायाचं आमचं आम्ही बघतो. मी सगळ्यांना वाटेला लावलं. विजार म्हणजे काय मलमपट्टी आहे, करकचून बांधायला?

बाहेरच्यांचं एक वेळ सोड. गेल्या आठवड्यात आपले लंबूमहाराज समोरच्या शिंप्याच्या दुकानातून बाहेर पडले, पायात तसल्याच दोन नळ्या. माझ्या देखत रस्ता ओलांडून घरात आले. शिंप्याचा मुलगा दुसऱ्या शिंप्याची विजार घालतो! समोरचा दारात येऊन माझ्याकडे बघून हसला. इतकी वर्षं या रस्त्यावर बसतो आहे, पण असं नाक कापलं गेलं नव्हतं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. जेवताना मीठ हवं असलं तरी मी तुझ्या वहिनीमार्फत मागतो, आणि ती विचारते, मला काय पोस्टात नोकरी लागली आहे का?

राग आहेच, पण आत बोचतं ते वेगळं. त्याला ते कपडे माझ्याकडे मागावेसेच वाटले नाहीत. मागितले असते तर मी नाही म्हटलं असतं, हेही खरं. पण एकदा मागायला तर हवे होते.

म्हणून तुला एक काम सांगतो. हा सिनेमा तू रोज चालवतोस. चौकातलं चित्र फक्त समोरून आहे. तो कोट पाठीमागून कसा आहे? मध्ये शिवण आहे की अखंड पाठ आहे? खाली पट्टी आहे का? त्या विजारीत गडी बसतो कसा? सगळं नीट बघून लिही. सिनेमा इकडे १८ ऑक्टोबरला लागणार आणि लंबू पहिल्या खेळाला जाणार, हे ठरलेलं. त्या दिवशी त्याच्या अंगावर माझ्या हातचा कोट असावा, एवढंच मनात आहे. त्याला यातलं काही कळवू नकोस.

कळावे. लोभ आहेच, तो विरू देऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. ५ सप्टेंबर १९५७

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पुतण्याला कामाशिवाय काकाची आठवण येत नाही, असं तुम्ही म्हणणार. म्हणा. काम आहेच.

तुमच्या थेटरात जो सिनेमा चालू आहे त्यातला आखूड कोट मला हवा आहे. तिथे थेटराखाली एक शिंपी बसतो असं तुम्ही मागे सांगितलं होतं. त्याच्याकडून शिवून पाठवा, पहिल्या पगारातली शिल्लक मनिऑर्डरने धाडतो. इकडे शिवून घ्यायची सोय उरलेली नाही. बाबांच्या हातचे कपडे घातले की मी त्यांच्याच वयाचा दिसतो. विजारीत एका वेळी दोघं मावतील. त्यांना सांगायला गेलं की म्हणतात, कपडा अंगाला वारा लागू देणारा हवा. काका, मला वारा नको आहे, कोट हवा आहे.

समोरच्या शिंप्याची एक गंमत सांगतो, पण घरी लिहू नका. तो सांगाल ते शिवतो, पण त्याची टीप कच्ची. परवा छापखान्यात अक्षरं जुळवताना शिशाच्या अक्षराचा एक खिळा खाली पडला. तो उचलायला वाकलो आणि मागची शिवण टर्रकन गेली. दिवसभर भिंतीला पाठ लावून काम केलं. रात्री विजार धुऊन दोरीवर टाकली. सकाळी पाहिलं तर दोरी रिकामी, आणि संध्याकाळी विजार पुन्हा जागेवर, दुहेरी टिपेने शिवलेली. बाबांच्या यंत्रावर त्याच रंगाचा दोरा अजून चढलेला होता. याला काय म्हणायचं ते मला समजत नाही.

आणखी एक. तिकडच्या एखाद्या छापखान्यात जागा असली तर विचारून ठेवा. एका घरात राहून मुक्याने जेवण्यापेक्षा लांब राहिलेलं बरं. बाबांना यातलं काही कळवू नका.

काकूंना नमस्कार. लोभ असावा, आणि कोटाचा विसर नसावा.

आपला,
लंबू

ता. १४ सप्टेंबर १९५७

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राने माझं सुख गेलं. आजवर मी सिनेमा असा बघितलाच नव्हता. मी यंत्रातल्या दिव्याच्या जळत्या कांड्या बघतो, रीळ कधी संपतं ते बघतो; पडद्यावर कोण रडतं आणि कोण गातं याच्याशी मला कर्तव्य नसतं. आता रोज तीन वेळा त्या गड्याच्या पाठीकडे डोळे लावून बसतो. काल रीळ बदलायचं राहिलं आणि खाली लोकांनी शिट्ट्या मारल्या.

तर ऐका. कोटाची पाठ अखंड आहे, मध्ये शिवण दिसत नाही. कमरेला चार बोटांची पट्टी आहे आणि ती अंगाला बसते. खांदे त्याचे की कोटाचे ते सांगता येत नाही. पण खरी गोष्ट विजारीची. दादा, तो गडी आख्ख्या सिनेमात बसतच नाही! भिंतीला टेकतो, मोटारीला टेकतो, जिन्याच्या कठड्याला टेकतो. एकदाच खुर्चीवर बसला आहे, तर तेवढ्यात कंबरेखालचा भाग पडद्यावर येऊ दिलेला नाही. तुम्ही विचारलंत म्हणून मला हे दिसलं. लोक मात्र महिनाभर येताहेत आणि कोणाच्याच लक्षात नाही.

आणखी एक पाहतो. आत जाताना सरळ चालणारी पोरं बाहेर येताना एक खांदा पाडून चालतात. शेजारच्या न्हाव्याने त्या गड्याचा फोटो आरशावर चिकटवला आहे. गिऱ्हाइकं आरशात न बघता फोटोत बघतात आणि केस ठीक झाले म्हणून उठतात. कोणाला सांगायला गेलो की हसतील, पण मला वाटतं हे सगळं दुसऱ्याचं अंग उसनं घेणं आहे. आपणही लहानपणी बाबांची टोपी घालून फिरायचो, त्यातलंच.

रंगाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी विचारणार म्हणून सांगतो. सिनेमात सगळं राखेच्या रंगाचं. मी चित्रं रंगवणाऱ्या पेंटरला गाठलं आणि विचारलं, कोट लाल कसा केलास? तो म्हणाला, डब्यात लाल जास्त उरला होता.

परवा तिसरं रीळ तुटलं, जिन्यावरच्या प्रसंगात. जोडताना थोडी चित्रं कापून टाकावी लागतात. तो तुकडा या पाकिटात घातला आहे. त्यात गडी समोरून आणि थोडा बाजूने, दोन्ही दिसतो. उजेडावर धरून भिंगातून बघा.

वहिनींना नमस्कार. लोभाची टीप दुहेरी असावी.

आपला,
धाकटा

ता. १४ सप्टेंबर १९५७

चि. लंबूस,
अ. उ. आ.

थेटराखालचा शिंपी मापाशिवाय कात्रीला हात लावत नाही. तेव्हा आधी छाती, खांदा, बाही यांची मापं पाठव. तुझ्या गावात ती कोण नीट घेतो, हे मी तुला सांगायला नको.

छापखान्यात विचारलं. अक्षरं जुळवणारा एक माणूस त्यांना पुढच्या महिनाअखेरीला हवा आहे. पण घाई करू नकोस. सिनेमा तुझ्याकडे लागू दे, मग काय ते ठरव. आणि उसवलेली विजार कोणी गुपचूप शिवून ठेवली तर त्याला काय म्हणतात, हे तुला समजत नसेल तर आईला विचार.

लोभ वाढवावा, मोहरी वाढवली नाहीस तरी चालेल.

तुझा,
काका

ता. २६ सप्टेंबर १९५७

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा तुकडा पोचला. किती एवढंसं असतं रे ते! अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनात आख्खा माणूस. घड्याळजींचं डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं आणि दुपारी खिडकीशी बसलो. आधी बाजू पाहिली. एक बाजू चकचकीत, एक मंद. कापड असो की काय असो, चकचकीत बाजू ती सुलट, मंद ती उलट, हे आमच्या हाताला सांगावं लागत नाही. चकचकीत बाजू डोळ्याकडे धरली आणि बघत राहिलो. मुकाट्याने कबूल करतो, कोट सुरेख आहे. ज्याने कोणी बेतला त्याचा हात धरून विचारावंसं वाटलं, खांद्याला आत काय घातलंस म्हणून.

पण एका गोष्टीने चक्रावलो. त्याच्या छातीवरचा खिसा उजवीकडे आहे. आणि पुढची बाजू बायकांच्या कपड्यासारखी, उजवी डावीवर येणारी! काजं उजवीकडे, बटणं डावीकडे. मला वाटलं माझेच डोळे फिरले. पुन्हा पुन्हा पाहिलं, सगळ्या चौकोनांत तसंच. पुरुषाची डावी बाजू वर, बाईची उजवी, हे माझ्या वस्तादांनी मला पट्टी मारून शिकवलं. आज ते असते तर तीच पट्टी पुन्हा बसली असती.

दोन दिवस कापड तसंच पडून होतं. मग मनाशी म्हटलं, अरे, आतापर्यंत मी माझंच खरं करत आलो, म्हणून तर पोरगा रस्ता ओलांडून गेला. जगात आता असंच घालत असतील तर मी कोण त्याला उलटं म्हणणारा? डोळे मिटल्यासारखे करून उजवी बाजू वर बेतली. पहिली कात्री मारली. कापड राखाडी घेतलं आहे. चौकातल्या चित्रात कोट लाल आणि खिसा डावीकडे आहे, पण त्या पेंटरच्या डब्यावर माझा विश्वास नाही आणि कुंचल्यावरही नाही.

लंबूच्या मापाचं म्हणशील तर मला ते घ्यावं लागत नाही. तो सकाळी दोरीवरचा पंचा ओढायला हात वर करतो, तेवढ्यात मी काय ते बघून घेतो.

कळावे. तुझ्यावर लोभ आहे, तो कुठल्या बाजूने सुलट ते विचारू नकोस.

तुझा,
दादा

ता. क. भाऊजी, हे पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली चार ओळी लिहिते. तुमचे दादा कापडाखाली काहीतरी झाकून शिवतात आणि मी आले की त्यावर चादर टाकतात. आणि मुलगा मला एकीकडे बोलावून म्हणतो, बाबांना न सांगता माझं माप घे. मला फितीवरच्या बारीक रेघा कुठे कळतात? मी दोऱ्याला गाठी मारून दिल्या. दोघांचं एकच चाललंय असा मला वास येतो. तुम्हाला माहीत असणार, पण तुम्ही काही सांगणार नाही. जाऊबाईंना आठवण सांगा.

ता. १ ऑक्टोबर १९५७

चि. लंबूस,
अ. उ. आ.

तुझा गाठींचा दोरा मिळाला. वहिनींनी खांद्याची गाठ कुठली आणि बाहीची कुठली हे कळवलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दोऱ्याचं आता काम नाही. इथे कोट शिवत नाही. तुझा कोट तिकडेच तयार होतो आहे, तुझ्याच घरात, चादरीखाली.

मी तुम्हा दोघांनाही शब्द दिला होता की दुसऱ्याला कळवणार नाही. तुला दिलेला पाळतो, दादाला दिलेला मोडतो, कारण इलाज नाही. मी त्याला सिनेमाचा एक तुकडा पाठवला आणि त्यावरून त्याने कोट बेतला. चूक माझी आहे. फिल्मला दोन बाजू असतात आणि चित्र सुलट दिसायला मंद बाजू डोळ्याकडे धरावी लागते, हे मी लिहिलंच नाही. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कोणाला सांगावं लागेल असं वाटतच नाही. दादाने शिंप्याच्या सवयीने चकचकीत बाजू धरली. झालं! उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं. खिसा उलटीकडे, बटणं बायकांची.

आता त्याला लिहू का? रोज कागद घेतो आणि ठेवून देतो. कापड कापून झालं आहे. तो कोट त्याने आपल्या वस्तादाचा शब्द मोडून बेतला आहे, तोही तुझ्यासाठी. फुकट गेलं असं कळलं तर तो पुन्हा तशी कात्री धरणार नाही, इतकं मी माझ्या भावाला ओळखतो. आणि कोट तसाच घालून तू पहिल्या खेळाला गेलास तर सगळा चौक तुला हसेल, हेही कळतं. मला दोन्हीपैकी काही ठरवता येत नाही. कोट तुझ्या अंगावर चढायचा आहे, तेव्हा तूच ठरव. छापखान्यातली जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे.

काकावर लोभ राहिलाच असेल तर ठेव.

तुझा,
काका

ता. २० ऑक्टोबर १९५७

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सविस्तर लिहितो. गेल्या रविवारी बाबांनी आईमार्फत निरोप दिला की कोणीतरी पाच मिनिटं दुकानात येऊन उभं राहावं, खांदा बघायचा आहे. मी आईमार्फत विचारलं, कोणाचा खांदा? आई म्हणाली आता पुरे, आणि माझ्या हाताला धरून मला तिथे नेऊन उभं केलं.

कोट कच्च्या टाक्यांत होता. काका, तुम्ही कळवलं नसतं तरी मला घालायच्या आधीच दिसलं असतं. मी दिवसभर शिशाची उलटी अक्षरं वाचतो, उलट-सुलट मला झोपेतही कळतं. पण अंगात घातला, तर काय सांगू! खांदा असा बसला होता की जणू कोणी मागून हळूच हात ठेवलाय. माप न घेता! बाबा माझ्याभोवती खडू घेऊन फिरत होते. हात वर कर म्हणाले. दीड महिन्यात मला उद्देशून तेवढंच पहिलं बोलणं. मग समोर उभे राहून, माझ्याकडे न बघता कॉलरकडे बघत विचारलं, बाजू बरोबर आहे ना, शहरात अशीच घालतात ना? त्यांनी आयुष्यात कोणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, हो बाबा, अशीच.

शुक्रवारी घालून गेलो. चौकात पोरांनी घेरलं. एकाने विचारलं, आईचा कोट घालून आलास का? दुसऱ्याने चित्राकडे बोट दाखवलं, बघ खिसा कुठे आहे आणि तुझा कुठे. माझे कान तापले. घरी पळून यावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तोंडातून निघून गेलं की, तुम्ही अजून यातच आहात का? हा त्याच्या पुढच्या सिनेमातला आहे, माझे काका थेटरात आहेत, त्यांनी तुकडा पाठवला होता. मग एकाने बटणाला हात लावून पाहिला. खेळ सुटल्यावर तिघांनी विचारलं, तुझे बाबा आम्हाला शिवून देतील का?

तेव्हा तुम्हाला दोन विनंत्या. कोणी विचारलं तर पुढचा सिनेमा तुम्ही पाहिला आहे. आणि बाबांना यातलं काही म्हणजे काही कळू देऊ नका. नोकरीचं त्या छापखान्याला नाही म्हणून सांगा, दुसरा माणूस बघू द्या.

विजारीच्या रुंद मोहरीचा हट्ट मात्र बाबांनी अजून सोडलेला नाही. त्यावर आमचं रोज भांडण होतं. थेट होतं, आईमार्फत नाही.

लोभ होताच, आता जरा जास्त असावा.

आपला,
लंबू

ता. ३ नोव्हेंबर १९५७

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बऱ्याच दिवसांनी लिहितो, कारण काम. हसू नकोस. उजव्या बाजूच्या खिशाचे आणि बायकी बटणांचे कोट शिवतो आहे, एकामागून एक. पोरं म्हणतात, लंबूसारखा. समोरच्यानेही तसलेच सुरू केले आहेत. त्याची टीप अजून कच्चीच आहे.

गेल्या बुधवारी दुकान बंद करून दुपारच्या खेळाला गेलो. कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, ज्याचा कोट शिवला त्याला एकदा चालताना तर पाहू. तू लिहिलंस ते खरं आहे, गडी बसतच नाही. मला अंधारात एकट्याला हसू आलं. मग तो जिन्यावर आला, समोर वळला, आणि खिसा डावीकडे. बटणं पुरुषाची. आधी वाटलं, इथल्या यंत्रवाल्याने काहीतरी उलटं घातलं. पण पुढच्याच प्रसंगात पडद्यावरच्या दुकानाची पाटी मला सरळ वाचता आली.

पुढचं काही पाहिलं नाही. घरी येऊन तुझा तुकडा काढला आणि मंद बाजू डोळ्याकडे धरली. बस. आधी स्वतःचा राग आला, मग तुझा, मग कोणाचाच येईना. मी त्याला विचारलं होतं रे, बाजू बरोबर आहे ना म्हणून. तो हो म्हणाला. दिवसभर उलटी अक्षरं वाचणारा पोरगा, त्याला काय ते दिसलं नसेल? आणि तोच कोट घालून भर चौकात गेला. त्या दिवशी पोरं काय काय बोलली असतील याचा विचार केला की मी अर्ध्या ताटावरून उठतो. तुलाही माहीत असणार. तुम्ही दोघं मिळून मला सांभाळताय, हे ध्यानात आलं आहे. असू दे. मला कळलं आहे हे त्याला कळवू नकोस. त्याला बरं वाटतंय, तर मला काय कमी आहे?

एक सांगायचं राहिलं. त्याला डाव्या हाताने बटण लावायची सवय नाही. रोज दारात उभा राहून धडपडतो आणि मी बघतो आहे असं दिसलं की घाई असल्यासारखं करतो. काल छापखान्याला खरोखरच उशीर झाला होता आणि वरचं बटण काही केल्या काजात जाईना. मी उठलो, त्याच्या समोर उभा राहिलो आणि लावून दिलं. सगळी लावली, वरपासून खालपर्यंत. एवढी वर्षं मी कपडे शिवले, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं की समोर उभ्या असलेल्याने लावायची असली तर बटणं त्याच बाजूला हवीत. अगदी उजव्या हाताखाली येतात. तो शाळेत जायला लागला होता तेव्हा शेवटची लावली होती. तेव्हा मला गुडघ्यावर बसावं लागायचं. आता मान वर करावी लागते.

आज सकाळी कोट घालून, बटणं तशीच उघडी ठेवून दुकानात आला आणि उभा राहिला.

कळावे. तुम्हा दोघांवर लोभ आहे आणि राहील.

तुझा,
दादा